नाताळचं झाड मूर्तिपूजकांचं आहे का? एका कुटुंबाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नगर जिल्ह्यातलं प्रोटेस्टंट कुटुंब. थोरल्या भावाने एक व्हिडिओ पाहिला आणि घरातलं झाड, तारा, सांता सगळं बंद केलं. धाकट्याची बायको वसईची कॅथलिक, तिच्या माहेरी नाताळ दणक्यात होतो. आईवडील मधल्या मध्ये अडकलेत आणि मुलं विचारायला लागलीत. २५ डिसेंबर सूर्यदेवाचा वाढदिवस, झाड बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) निम्रोद राजाचं, ईस्टर म्हणजे तिथलीच इश्तार देवी: यात खरं किती, आणि आम्ही करायचं काय?

आधी व्हिडिओचं मूळ. निम्रोद, त्याची म्हणून सांगितली जाणारी राणी सेमिरामिस आणि तम्मूज देव ही तीन नावं एका दमात आली की माल कुठल्या दुकानातला ते लगेच कळतं. अलेक्झांडर हिस्लॉप हे स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचे, फ्री चर्चचे पाळक. १८५३ साली त्यांनी एक पुस्तिका काढली आणि १८५८ मध्ये ती वाढवून जाडजूड ग्रंथ केला. हेतू एकच होता, रोमन कॅथलिक उपासना ही मुळात बाबेलची निम्रोदपूजा आहे हे दाखवणं. नाताळ, ईस्टर, मेणबत्त्या, माता-बालकाचं चित्र, सगळं त्यात बाबेलला नेऊन टेकवलंय. पद्धत बहुतेक ठिकाणी शब्दाला शब्द जुळवण्याची. अशाने मराठीतली ‘माया’ आणि मेक्सिकोतली माया संस्कृती यांचंही नातं लावता येईल. अमेरिकेतले राल्फ वुड्रो या प्रचारकांनी १९६६ मध्ये हिस्लॉपच्या आधारावर पुस्तक लिहिलं, ते खूप खपलं. पुढे त्यांनी मूळ संदर्भ तपासले, आपलं पुस्तक मागे घेतलं आणि १९९७ मध्ये स्वतःचंच खंडन करणारं दुसरं लिहिलं. ही गोष्ट व्हिडिओत कधी नसते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गंमत: नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे याच अलेक्झांडरचे धाकटे भाऊ.

आता तारीख. इथे मात्र थोरल्या भाऊंना उडवून लावता येत नाही. रोममध्ये ३५४ साली तयार झालेली एक पंचांगवजा वही आहे. तिच्यातल्या ख्रिस्ती यादीत २५ डिसेंबरला ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला अशी नोंद आहे, आणि ती यादी मुळात ३३६ ची मानतात. त्याच वहीतल्या रोमन सणांच्या पानावर त्याच तारखेला ‘अजिंक्याचा’ जन्मदिन, रथांच्या ३० शर्यती, असंही लिहिलंय. अजिंक्य म्हणजे सूर्य. गोम अशी की सूर्याच्या या २५ डिसेंबरच्या जन्मदिनाचा स्पष्ट पुरावा म्हणून हेच पान दाखवलं जातं. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचं मोठं मंदिर बांधलं हे खरं, पण त्या सूर्याच्या नावाचे मोठे खेळ ऑक्टोबरात व्हायचे. म्हणजे कुणी कुणाचं उचललं हे या वहीवरून ठरत नाही.

नाताळ म्हणजे सॅटर्न देवाचा रोमन सण सॅटर्नेलिया, हे म्हणणं तर तारखेनेच बाद होतं. तो १७ डिसेंबरला सुरू व्हायचा आणि पुढे लांबून २३ पर्यंत गेला. २५ ला तो संपलेला असे.

दुसरी उपपत्ती गणिताची, आणि व्हिडिओवाल्यांना ती ठाऊकच नसते. पश्चिमेकडच्या जुन्या ख्रिस्ती लेखकांनी येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू २५ मार्चला धरला होता. थोर माणसाचा गर्भधारणेचा आणि मृत्यूचा दिवस एकच, अशीही तेव्हा समजूत असावी. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा: २५ डिसेंबर. पूर्वेकडच्यांनी मृत्यू ६ एप्रिलला धरला, तर त्यांचा जन्मोत्सव ६ जानेवारीला आला. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीच पाळतं. सूर्यपूजेची उपपत्ती धरली तर ही दुसरी तारीख कुठून आली याचं उत्तर सहज मिळत नाही. मला गणिताची बाजू जड वाटते, पण डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपासचा दिवस सोयीचा वाटला नसेलच असंही कुणी छातीठोक म्हणू नये.

आणि समजा रोमन ख्रिस्ती लोकांच्या डोक्यात सूर्य होताच. मग पुढारी काय करत होते ते बघण्यासारखं आहे. पाचव्या शतकात पोप लिओ यांनी नाताळच्या प्रवचनात आपल्याच लोकांना फटकारलंय: संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून वर येता, आत जाण्याआधी मागे वळता आणि उगवत्या सूर्यापुढे मान लववता! त्यांनी सण बंद केला नाही, तारीखही हलवली नाही. मान लववणं थांबवायला सांगितलं. माझ्या मते तुमच्या घरातला सगळा वाद या पायरीवर सुटतो. तारीख कुणाची होती यापेक्षा त्या तारखेला तुमची मान कुणापुढे लवते ते बघायचं.

झाडासाठी यिर्मया १० दाखवतात: रानातलं झाड तोडतात, चांदीसोन्याने सजवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात. अध्याय दोन ओळी पुढे वाचा. ते लाकूड कारागीर हत्याराने घडवतो, त्याला निळी-जांभळी वस्त्रं घालतात, काकडीच्या मळ्यातल्या बुजगावण्यासारखं ते बोलत नाही, चालत नाही म्हणून उचलून न्यावं लागतं. हे मूर्ती घडवण्याचं वर्णन आहे. दिवाणखान्यातल्या सुरूच्या फांदीचं नव्हे.

झाडाचा लेखी माग आजच्या फ्रान्समधल्या आल्सेस प्रांतात लागतो. सेलेस्टा गावच्या १५२१ च्या हिशेबात, नाताळसाठी लोक जंगलातली झाडं तोडू नयेत म्हणून राखणदारांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गला घरात फरचं झाड उभं करून त्याला कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर आणि साखरेच्या वस्तू लावत असं एका प्रवाशाने लिहिलंय. सफरचंद का, तर २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस, आणि त्या दिवशीच्या नाटकात एदेन बागेचं झाड म्हणून सफरचंदं लावलेलं सदाहरित झाड उभं करत. बोनिफेस या मिशनऱ्याने आठव्या शतकात जर्मनीत गाइस्मारला तिथल्या डोनार देवाचा ओक तोडला हे त्याच्या जुन्या चरित्रात आहे. पण त्या लाकडाचं प्रार्थनामंदिर बांधलं असं तिथे लिहिलंय. ओकच्या जागी फर उगवला हा नंतरचा मालमसाला. इंग्लंडात घराघरात झाड गेलं ते १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आल्यावर. सॅटर्नेलिया आणि स्ट्रासबुर्ग यांच्यात हजार वर्षांहून मोठी दरी आहे, आणि तिच्यावर पूल कुणी दाखवत नाही.

कुठलाही फॉरवर्ड असाच तपासायचा: सगळ्यात जुनी लेखी नोंद कुठली, कोणत्या साली, कोणत्या गावची, आणि तिथपासून आपल्यापर्यंत सलग धागा आहे का. ‘प्राचीन काळी लोक’ अशी सुरुवात असेल आणि साल नसेल तर फोन खाली ठेवावा.

सगळंच खोटं मात्र नाही. दारावर हिरवे तुरे आणि दिवे लावण्याची रोमन चाल खरी होती, आणि ख्रिस्ती लोक ती करतात म्हणून तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक इसवी सन दोनशेच्या सुमाराला चिडला होता. प्रकाश तुम्ही स्वतः आहात, दाराला कशाला दिवे, असा त्याचा रोख. बाबेलचा आधार न घेता त्याच्या बाजूने झाड नाकारणारा माणूस मला जास्त पटतो.

ईस्टर-इश्तार हे मात्र निव्वळ उच्चाराचं साम्य. इंग्रजी नावाबद्दल बीड नावाच्या इंग्लिश साधूने ७२५ साली लिहिलं की एओस्त्रे नावाच्या देवीवरून एका महिन्याचं नाव पडलं होतं आणि तेच सणाला चिकटलं. त्या देवीबद्दल त्याची ही ओळभर नोंद सोडली तर आधार जवळपास काही नाही. पण हा त्रास इंग्रजी-जर्मनचा. ग्रीकमध्ये पास्खा, पोर्तुगीजमध्ये पास्कोआ, गोव्यात पास्कांचें फेस्त. आपल्या मराठी बायबलात प्रेषितांची कृत्ये १२:४ उघडा: हेरोद पेत्राला ‘वल्हांडण’ झाल्यावर बाहेर काढणार होता. इंग्रजीच्या जुन्या राजमान्य भाषांतरात नेमका इथे ‘ईस्टर’ शब्द आहे, आणि त्यावर कितीतरी वादंग उभे राहिलेत. मराठी वाचकाला तो वाद समजतच नाही, कारण आपल्या शब्दात मिसरच्या गुलामीतून सुटकेची ती रात्र स्पष्ट आहे.

अंड्यांचं कारण उपासात आहे. मध्ययुगात चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांस, दूध, अंडी वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवास माहीत नसतो. सण येईपर्यंत घरात अंड्यांचा ढीग. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या १२९० च्या हिशेबात रंगवून वाटायच्या ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च लिहिलाय. अंडी आणणाऱ्या ईस्टरच्या सशाची नोंद मात्र १६८२ ची, एका जर्मन वैद्याची, आणि तीही पुन्हा आल्सेसकडची. ससा टाकलात तर मला काही वाटणार नाही.

अंडी ठेवणार असाल तर ग्रीक घरांसारखी लाल ठेवा, मग मुलांना सांगायला अर्थ हाताशी राहतो: लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, कवच म्हणजे कबर, फुटणं म्हणजे पुनरुत्थान. रंगाच्या पुड्या नकोत, कांद्याची सालं पुरतात. डझनभर अंड्यांना १२ ते १५ कांद्यांची कोरडी तांबडी सालं, सव्वा लिटर पाणी. अर्धा तास उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग तीन चमचे व्हिनेगर. अंडी फ्रिजमधून आदल्या रात्री बाहेर काढून ठेवायची. गार अंडं गरम पाण्यात गेलं की तडकतं आणि पांढरं बाहेर येऊन रंगावर डाग पडतात. गार रंगात अंडी ठेवून मंद आचेवर उकळी आणा, बारा मिनिटं ठेवा, गॅस बंद करून त्याच पाण्यात निवू द्या. पांढऱ्या कवचाची घेतलीत तर तांबूस-विटकरी रंग येतो, गावठी घेतलीत तर काळपट तपकिरी, आणि मग मुलं म्हणतात रंग लागलाच नाही. व्हिनेगर विसरलं तर रंग फिका आणि डागाळलेला बसतो. शेवटी कापसाने खोबरेल पुसलं की चकाकी येते. रविवारी सकाळी दोघांनी टोकाला टोक आपटायचं, एकाने ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘खरोखर उठला आहे’. एप्रिलच्या उकाड्यात उकडलेली अंडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका.

आता थोरल्या भाऊंबद्दल, कारण त्यांना वेड्यात काढलं तर घर जुळणार नाही. त्यांचं म्हणणं नवं नाही आणि परकं तर नाहीच. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर दोन्ही रद्द केले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता. तिथले पाळक इन्क्रीज मॅथर यांनी १६८७ मध्ये सॅटर्नेलियाचाच मुद्दा मांडला होता. याच प्युरिटन, म्हणजे कडक शुद्धतावादी प्रोटेस्टंट, परंपरेतल्या चर्चांनी उभ्या केलेल्या मंडळाचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाण मांडलं, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ ला मिळाली. म्हणजे ज्यांनी नगरला शुभवर्तमान आणलं त्यांचे पणजोबा नाताळ पाळत नव्हते. भाऊ नकळत त्यांच्याच रांगेत उभे आहेत.

फक्त त्या रांगेचा खरा मुद्दा बाबेलचा नव्हता. शास्त्रात आज्ञा नाही ते उपासनेत आणू नये, हा होता. त्याला मुद्द्यानेच उत्तर द्यावं: योहान १०:२२ मध्ये येशू मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेच्या सणात यरुशलेमेत आहे, आणि त्या सणाची आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात कुठेच नाही. पटलं तर पटलं. नाही पटलं तर रोमकरांस १४ आहेच: दिवस पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला तुच्छ मानू नये, न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याला दोष लावू नये. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. वसईच्या सुनेला ‘तुमचं सगळं मूर्तिपूजक’ म्हणणं आणि भाऊंना ‘यांचं डोकं फिरलंय’ म्हणणं, दोन्ही त्याच अध्यायाचा भंग.

व्यवहारात असं करा. बोलणी ऑगस्टमध्ये, दिवे लागायच्या आधी. डिसेंबरात प्रत्येकजण जिंकायला बसतो. आईवडिलांच्या घरी, जिथे सगळे जमतात, तिथे झाड नको, गोठा ठेवा. १२२३ साली ग्रेच्चोला असिसीच्या फ्रान्सिसने जिवंत बैल-गाढवासह मांडलेल्या देखाव्यामुळे गोठ्याची प्रथा पसरली, त्यात बाबेल कुठून आणणार? धाकट्याच्या स्वतःच्या घरी झाड खुशाल असू दे. आणि काढून टाकाल तिथे काहीतरी मांडा. सगळ्यात जास्त घरं इथेच चुकतात: झाड गेलं, सांता गेला, तारा गेला, आणि २५ तारखेला मुलं मोबाईलवर. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘झाडात भूत आहे’ असं सांगितलं की ते शाळेतल्या झाडाला घाबरतं, आणि बारा वर्षांचं झाल्यावर आपण सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

जागा भरायला आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचं, चक्र चांगलं. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न यांनी अनाथ मुलं रोज ‘नाताळ कधी’ विचारायची म्हणून बैलगाडीसारख्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या लहान लाल. घरी परातीत ओली वाळू भरून चार जाड आणि बाकी वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या खोचा. कोरड्या वाळूत त्या कलंडतात. रोज एक लावून एक वचन वाचायचं, पाच मिनिटांत संपतं. कितीही हौस असली तरी पंख्याखाली मांडू नका.

आता जे कुणी विचारत नाही ते. रोमच्या सूर्याचा आज कुणी भक्त नाही, सॅटर्नचा नाही, डोनारचा नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल जिवंत देवळांबद्दल बोलतोय, शेजारच्या गल्लीतल्या. मराठी ख्रिस्ती घराला खरा प्रश्न तिथे आहे: लग्नातली हळद, नारळ, ओवाळणं, दिवाळीचा फराळ, गणपतीचा प्रसाद. मेलेल्या देवाच्या झाडावर वर्षभर भांडायचं आणि याचा विचारच करायचा नाही, हे माप उलटं झालं.

इथेही अति झालेलं आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाने, १७३६ च्या हुकुमाने ख्रिस्ती लोकांना अंगणात तुळस लावायला, लग्नात हळद लावायला आणि ओव्या गायला मनाई केली. ज्या ओवीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताची अख्खी कथा मराठीत गायली, तीच ओवी लग्नघरात गुन्हा ठरली. उलट ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला कळवलं होतं: मूर्ती काढा, देवळं पाडू नका, त्यांतच उपासना करा. मूळ कुठलंही असो, मूर्ती आणि इमारत वेगळी करता येते.

हळदीला हेच लावा. हळद कातडीला लावतात ती सुगंध आणि रंगासाठी; ती बाजारातली वस्तू. तिच्यासोबत कुलदेवतेचं नाव घेऊन पूजा मांडली तर ती उपासना. पहिली ठेवा, दुसरी नको. फराळासाठी पौलाच्या त्याच पहिल्या करिंथकरांस पत्रात दोन वचनं शेजारीशेजारी आहेत: १०:२५ प्रमाणे बाजारातलं न विचारता खा, आणि १०:२८ प्रमाणे ‘हे मूर्तीला दाखवलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. शेजारच्या काकूंनी करंज्या-चकल्यांचं ताट आणलं तर घ्या, रिकामं ताट परत करू नका, नाताळचा केक किंवा नेवऱ्या घालून पाठवा. नेवरी ही करंजीच, हे त्या ओळखतीलच. ‘हा पूजेचा प्रसाद’ म्हणाल्या तर, ‘काकू, फराळ आवडीनं खातो, प्रसाद तेवढा आमच्यात घेत नाहीत, राग मानू नका’ एवढं पुरतं. कॅथलिक घरांत याबाबत फादरांचा सल्ला थोडा वेगळा असू शकतो, तेव्हा सुनेला आधी विचारा. लांब भाषण देऊ नका. काकूंनी ‘तुमचा देव खरा की आमचा’ असं विचारलेलं नसतं.

भाऊंकडे जाताना लाल अंडी नेलीत तर आधी फोन करा. नको म्हणाले तर वांग्याची भाजी न्या.